सूप प्लेटमधला वरणभात

माथेरानच्या त्या जुन्या, बंगलेवजा हॉटेलात जेवण वाढणाऱ्या काकांना,

सा. नमस्कार.

काका, तुमच्या हातचं रोज इतकी माणसं जेवून जातात, त्यात आम्ही लक्षात राहिलो असू असं नाही. ओळख पटावी म्हणून सांगते. होळी होऊन गेल्यावर आलो होतो. उजवा पाय ओढत चालणारे आणि कोणी विचारो न विचारो, नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या आगगाडीची माहिती सांगत सुटणारे गृहस्थ म्हणजे माझे बाबा. बरोबर आई आणि मी. व्हरांड्यातल्या टेबलावरून माकडाने ज्यांचा टोस्ट पळवला आणि ज्यातल्या एका बाईने किंचाळून अख्खं हॉटेल जागं केलं, ते आम्हीच. किंचाळणारी आई होती.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेला, चार माणसांत बसून हसतखेळत जेवणारा माणूस डाव्या हाताने चमचा धरायला शिकला. भात ताटाच्या कडेवरून बाहेर सांडतो, वरण हनुवटीवर ओघळतं. घरात त्याचं कोणाला काही नाही. बाहेरच्यांना मात्र असतं. एका नातेवाईकबाईंनी तर पूजेच्या दिवशी सगळ्यांसमोर सुनावलं, "प्रसाद तरी डाव्या हाताने घेऊ नका हो." उजवा कुठून आणायचा, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

पण खरा घाव घातला तो दुसऱ्याच एका थंड हवेच्या ठिकाणच्या रिसॉर्टने. नाव घेत नाही. आम्ही जेवायला बसलो होतो. कोट घातलेला एक मॅनेजर आला, वाकला आणि गोड आवाजात म्हणाला, "सर रूममध्ये जास्त कम्फर्टेबल राहतील, आम्ही जेवण वर पाठवतो." शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी तक्रार केली होती, हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. बाबा काही बोलले नाहीत. हातातला चमचा खाली ठेवला आणि उठले. त्यानंतर त्यांनी बाहेर जेवणंच सोडलं. लग्नाला जायचे, अक्षता टाकायचे आणि "पोट बरं नाही" म्हणून जेवायच्या आधी निघायचे. उद्धटपणा परवडला काका, तोंडावर भांडता तरी येतं. त्या गोड आवाजाला काय उत्तर देणार?

म्हणूनच माथेरानला यायलाही ते तयार नव्हते. आले ते केवळ त्या छोट्या आगगाडीच्या ओढीने. आमच्या बुकिंगवाल्याने "गाडी थेट हॉटेलच्या पायरीला लागेल, काळजीच करू नका" असं छातीठोक सांगितलं होतं. माथेरानमध्ये! जिथे दस्तुरी नाक्याच्या पुढे अँब्युलन्ससारखी तातडीची गाडी सोडली तर मोटारीला मज्जावच आहे, तिथे! नाक्यावरून त्याला फोन लावला, तर त्याने तो उचलला नाही. पुढचं कसं जमलं ते सांगत बसत नाही. ई-रिक्षावाल्या दादांनी बाबांना जपून आणलं, तेवढं खरं.

पहिल्या रात्री जेवणाची घंटा झाली तेव्हा बाबा खोलीतच बसून राहिले. आईने कसंबसं उठवलं. दारात उभे राहून त्यांनी हॉल एकदा पाहून घेतला. उंच छत, सागवानी टेबलं, पांढरेशुभ्र कपडे अंथरलेले. त्या पांढऱ्या कपड्यांकडेच ते बघत होते. आता परत फिरणार, असं मला वाटलं. तुम्ही पुढे आलात, "या साहेब" म्हणालात आणि कोपऱ्यातल्या खिडकीजवळ नेलंत. बाबांना खिडकीकडे तोंड करून बसवलंत, म्हणजे पाठ आपोआप हॉलकडे झाली. हे मला त्या वेळी कळलंही नाही.

मग तुम्ही वाढायला आलात. आमच्यासमोर मांडलेल्या सपाट प्लेटा काहीही न बोलता उचलल्यात आणि सूपच्या खोलगट प्लेटा आणून ठेवल्यात. फक्त बाबांसमोर नाही काका, आमच्या तिघांसमोर. चमचे तिघांच्याही डाव्या बाजूला, पाण्याचे ग्लासही डावीकडे. भात, वरून वरण, लिंबाची फोड आधीच पिळून बाजूला. मी काही विचारायच्या आत तुम्ही शेजारच्या टेबलाकडे वळला होतात.

एकट्या बाबांपुढे तशी प्लेट ठेवली असतीत तरी मी आभारच मानले असते, आणि बाबा मात्र दोन घास खाऊन उठले असते. तीन ठेवल्यात म्हणून ते पोटभर जेवले. खोल प्लेटेला उभी कड असते, चमचा कडेला टेकवला की भात आपसूक वर चढतो. इतकी साधी गोष्ट. इतक्या डॉक्टरांनी, फिजिओथेरपीवाल्यांनी, खुद्द मी इंटरनेट पालथं घालून जे सुचवलं नव्हतं, ते तुम्ही दारातून टेबलापर्यंत चालत येताना ओळखलंत. बाबांनी दुसऱ्यांदा भात मागितला. आई पदराने डोळे पुसत होती आणि मिरची लागली म्हणून सांगत होती. वरणात मिरची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आलात तेव्हा बाबांनी तुम्हाला धरलंच. त्यांची जीभ अजून जड आहे, शब्द अडतो. 1907 हा आकडा म्हणायलाच त्यांना किती वेळ लागला! आदमजी पीरभॉयांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी ही लाईन बांधली, रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, हे सगळं त्यांनी तुम्हाला ऐकवलं. माथेरानात आयुष्य काढलेल्या माणसाला! तुम्हाला ते पाठ असणार. तरी एकदाही त्यांचा शब्द तुम्ही पुरा केला नाहीत. आम्ही घरचे करतो, घाईघाईने, मदत म्हणून. तुम्ही किटली हातात धरून थांबलात. 2005 च्या पावसात लाईन वाहून गेली, गाडी परत धावायला 2007 उजाडलं. पुन्हा 2019 ला बंद पडली ती 2022 मध्ये सुरू झाली. "तिलाही दोनदा झटका आलाय, पण उठली," असं बाबा म्हणाले, तेव्हा तुम्ही एवढ्या मोठ्याने हसलात की तेही हसले. झटक्यावर बाबांनी विनोद केलेला आम्ही तोवर ऐकला नव्हता.

त्यानंतर सुट्टी सुट्टीसारखी झाली. अंजनीच्या फांद्या जांभळ्या-निळ्या फुलांनी नुसत्या लगडल्या होत्या. दिवसभर कुठूनतरी तांबट टुकटुक करत होता. लाल मातीने आमच्या चपला, पाय, आईच्या साडीचे काठ सगळं एका रंगाचं करून टाकलं. शार्लोट लेकपर्यंत बाबा अर्धे चालत, अर्धे बसत गेले. पॉइंट फारसे पाहिले नाहीत, त्याची खंत कोणालाच नाही.

तुमच्या हॉटेलच्या भिंतीवर साहेबांच्या जुन्या तसबिरी आहेत. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट इथे चढून आला, हे तर माथेरानबद्दलच्या प्रत्येक लिखाणात सापडतं. येऊ दे बापडा. पण पायथ्याच्या वाड्यांतून रोज डोंगर चढून येणारी, ओझी वाहणारी, वाढणारी, पाणी तापवून देणारी माणसं कुठल्याच भिंतीवर नसतात. सभ्यपणा शिकवायला हल्ली कोर्स निघालेत, कोटवाल्या मॅनेजरने नक्कीच केला असेल एखादा. तुम्ही कुठला केलात? मला वाटतं, समोरच्याला मदत झाली हे त्याला कळूही न देता मदत करायची, हे ज्याला येतं त्याला येतं. बाकीच्यांनी कोट घालावेत.

निघताना बाबांनी तुमच्या हातात पाकीट ठेवलं तर तुम्ही ते आधी स्वयंपाकघरातल्या पोरांना दाखवून आलात, वाटून घ्यायला. तेही पाहिलं मी.

आता बातमी. गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाच्या लग्नात बाबा जेवायला बसले. मी केटररकडून तीन सूप प्लेटा मागून घेतल्या. त्याने विचित्र नजरेने पाहिलं, पण दिल्या. प्रसादवाल्या बाई समोरच्याच टेबलावर होत्या. बाबांनी त्यांच्यादेखत डाव्या हाताने जिलबी खाल्ली, दोन वेळा.

तुमच्या मालकांनाही मी वेगळं पत्र पाठवलं आहे. त्यात तुमच्या पगाराचा विषय काढला आहे. तुम्हाला न विचारता काढला, राग मानू नका. आणि पावसाळा संपून नेरळहून गाडी वर यायला लागली की आम्ही येतोच आहोत. बाबांनी बजावून सांगितलंय, बुकिंग थेट तुमच्याकडे करायचं, त्या फोन न उचलणाऱ्याकडे नाही.

आपली,
रेल्वेवाल्या साहेबांची मुलगी