बाबा, कार्डाची काळजी नको

जर्सी सिटी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणखाण वेळेवर होतं, थंडी ओसरली, मेतकूट अजून पुरतंय. आधीच सांगून टाकलं, म्हणजे फोनवर पुन्हा तेच नको.

बाबा, काकांनी तुमच्या कानावर काय घातलं ते कळलं. मी क्रेडिट कार्डावर उधळपट्टी करत नाही. इथे क्रेडिट स्कोअर म्हणून एक आकडा असतो, ३०० ते ८५०; माणूस उधारी किती नीट फेडतो ते त्यावरून जोखतात. आपल्याकडच्या सिबिलसारखाच, पण तिकडचं सिबिल इथे सहसा कुणी धरत नाही. जन्मात कर्ज न काढलेला माणूस तुमच्या लेखी सरळमार्गी. इथे त्याची कुंडलीच नाही, मग विश्वास कशावर ठेवणार? भाड्याची खोली बघायला गेलो तर मालकाने पगाराच्या कागदावरून नुसती नजर फिरवली आणि स्कोअर विचारला. ऑफिसातल्या साताऱ्याच्या मित्राने जामीन म्हणून सही केली तेव्हा किल्ली मिळाली. पतसंस्थेच्या वेळी जामीन राहून तुम्हाला काय सोसावं लागलं ते मी पाहिलंय. पुन्हा कुणापुढे तसा कागद धरायचा नाही, म्हणून स्कोअर उभा करायला कार्ड.

तेही कसं, तर बँकेकडे माझेच ५०० डॉलर अनामत ठेवले, तेव्हा ५०० ची मर्यादा मिळाली. म्हणजे माझ्याच पैशांवर मला उधारी! त्यावर फक्त किराणा घेतो: तूरडाळ, कणीक, कोथिंबीर. बिल निघायच्या आधीच बरीचशी रक्कम भरून टाकतो, कारण त्या दिवशी जी बाकी दिसते तीच बहुधा स्कोअरवाल्यांकडे जाते, आणि ती मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत असलेली बरी. उरलेलं मुदतीत चुकतं, व्याज एक सेंटही नाही. हप्ता महिनाभर थकला तर तो डाग सात वर्षं नोंदीत राहतो, म्हणून पैसे खात्यातून आपोआप वळते होतात. सहा महिने खातं चाललं तेव्हा कुठे आकडा उमटला. आता ७०० च्या वर आहे. काकांना हेही सांगा.

चिमीच्या साखरपुड्याला मला यायला जमणार नाही. रजा एकदम लग्नालाच घेतो. तिला मीच सांगेन, तुम्ही बोलू नका. हॉलच्या आगाऊ रकमेसाठी दीड लाख पाठवलेत, शुक्रवारपर्यंत खात्यात दिसतील. सोसायटीतून कर्ज काढू नका. (हो, मीच सांगतोय!) माझ्या स्थळाचं मावशीला एवढ्यात नको म्हणावं.

आणि हो, पुढच्या महिन्यात जुनी गाडी घेतोय, थोडी कर्जावर. रोखीने घेता आली असती, पण हॉल आधी. स्कोअरमुळे व्याज बरंच कमी लागतंय. आईला हे दुपारी सांगा, रात्री नको. तिची झोप उडते.

तुमचा,
संजू