अणुकेंद्राच्या वीजवाहिन्यांनाही संरक्षण हवे

महोदय,

युद्धकाळातील अणुवीज केंद्रांच्या सुरक्षेची चर्चा बहुधा भट्टीच्या काँक्रीटच्या कवचाभोवतीच फिरते. ते कवच बऱ्यापैकी मजबूत असते; अधिक नाजूक असतात त्या बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या. भट्टी बंद केल्यावरही इंधनातील किरणोत्सारी विघटनामुळे उष्णता निर्माण होतच राहते आणि ती वाहून नेणारे पंप विजेअभावी थांबले तर इंधन कसे वितळते, हे २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमात जगाने पाहिले आहे.

मार्च २०२२ पासून रशियाच्या ताब्यात असलेल्या युक्रेनमधील झापोरिझ्झिया केंद्राचा बाह्य वीजपुरवठा अनेकदा पूर्णपणे तुटला आणि सहा भट्ट्यांची सारी भिस्त डिझेल जनित्रांवर आली. ही परिस्थिती केवळ नशिबाने निभावली, असेच मला वाटते.

युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जीनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधील कलम ५६ अशा केंद्रांना विशेष संरक्षण देते खरे. परंतु केंद्र लष्करी कारवाईला नियमित, लक्षणीय व थेट वीज पुरवत असेल आणि हल्ल्यावाचून ती मदत थांबवता येत नसेल, तर ते संरक्षण संपते. किरणोत्सर्गाला मात्र अपवाद ठाऊक नसतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मे २०२३ मध्ये सुरक्षा परिषदेत मांडलेल्या पाच तत्त्वांत बाह्य वीजपुरवठा धोक्यात आणू नये, असे स्पष्ट म्हटले होते. ते बंधनकारक करून संबंधित उपकेंद्रे, शीतकरणाचे पाणी आणि पाळीवरील कर्मचारी यांनाही संरक्षणाच्या कक्षेत आणावे, आणि दुरुस्ती पथकांना गोळीबार थांबवून वाट देण्याची सक्ती दोन्ही बाजूंवर करावी.

– एक वाचक