ऑटो-आन्सरमध्ये अनोळखी कॉलही उचलले जातात

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या आवृत्तीत कॉलर तपासण्याआधीच कॅमेरा सुरू होण्याबाबत

महोदय,

तुमच्या व्हिडिओ कॉलिंग एसडीकेचा (म्हणजे ॲप बनवायला मिळणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीचा) मी पैसे भरणारा ग्राहक आहे. तिच्यावर मी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी डेस्कटॉप ॲप बनवतो. ज्यांचा हात माउसपर्यंत पोचत नाही, त्यांना घरच्यांचा किंवा नर्सचा कॉल आला की तो आपोआप उचलला जावा, एवढंच त्याचं काम. कोणाचे कॉल घ्यायचे, ती यादी घरचेच ठरवतात.

जुन्या आवृत्तीत कॉल येताच आमचा कोड कॉलरचं नाव यादीशी ताडून बघायचा आणि मगच कॉल स्वीकारायचा. आता ऑटो-आन्सर तुमच्या लायब्ररीच्या आत गेलं आहे. लॉगमध्ये क्रम स्पष्ट दिसतो : आधी ‘200 ओके’ (म्हणजे कॉल स्वीकारल्याचा संदेश), मग कॅमेरा, आणि सगळ्यात शेवटी आमचा कॉलबॅक (म्हणजे आमच्या कोडला कॉलची खबर). आम्ही कॉल तोडेपर्यंत समोरच्याला खोली दिसून गेलेली असते. ऑटो-आन्सर बंद ठेवलं, तर तुमची रिंगिंगची विंडो बटण दाबल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. बटण दाबता येत नाही म्हणून तर हे ॲप आहे!

एका घरात आजींचे कपडे बदलणं चालू असताना कुणा भलत्याचाच कॉल जोडला गेला. मुलीने हाताला आलेली चादर मॉनिटरवर टाकली. आता ती बाहेर जाताना वेबकॅमवर चिकटपट्टी लावून जाते. म्हणजे ज्या वेळेसाठी ॲप घेतलं, नेमकं तेव्हाच आई दिसत नाही.

तुमच्या सपोर्टचं उत्तर आलं, की वापरकर्त्याने कॅमेऱ्याची परवानगी दिलेली आहे. विंडोज काय किंवा मॅकओएस काय, ती परवानगी ॲपला असते. पलीकडे कोण आहे, हे ऑपरेटिंग सिस्टिम बघत नाही. ते आपणच बघायचं असतं. एसआयपीच्या (इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या पद्धतीच्या) ऑटो-आन्सरबद्दलचं आरएफसी 5373 हे तांत्रिक मानक 2008 सालचं आहे आणि त्यातही कॉलरची ओळख आणि अधिकार तपासण्यावर भर आहे. जानेवारी 2019 मध्ये कॉल उचलण्याआधीच आवाज ऐकू जातो हे उघड झाल्यावर ॲपलने ग्रुप फेसटाइम तात्पुरतं बंद केलं होतं. तुम्ही मात्र ही नव्या आवृत्तीची सोय म्हणून सांगता, याचा मला खरोखर राग आहे.

कॉल जोडण्याआधी आम्हाला सूचना मिळावी आणि स्वीकारायचा की नाही हे आमच्या कोडला ठरवता यावं. ही दुरुस्ती येईपर्यंत जुन्या आवृत्तीचा सपोर्ट बंद करू नका. दोन्हींबाबत लेखी उत्तर हवं आहे. लॉग सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक व ॲप डेव्हलपर