जाड तारेशेजारची बारीक तार

आदरणीय सर,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. इंग्रजीतलं वेगळं पाठवलंय, पण त्याने मन भरलं नाही. ज्या भाषेत मी सूर ओळखायला शिकलो, त्या भाषेत चार माणसांना तुमच्याबद्दल सांगायचंच होतं. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. ल्यूट म्हणजे बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या ल्यूटला तारांच्या सहा जोड्या असतात. पहिली तार बहुधा सुटी, बाकी दुहेरी, म्हणजे एकूण अकरा तारा. प्रश्न खालच्या तीन जोड्यांचा. दोन्ही तारा एकाच सुरात लावायच्या, की जाड तार खर्जात आणि तिच्या शेजारची बारीक तार वरच्या सप्तकात? तंबोऱ्याजवळ बसून वाढलेल्या माणसाला दुसरी गोष्ट नवी वाटत नाही. आपला खर्ज आणि जोडाच्या तारा यांच्यातही एका सप्तकाचंच अंतर असतं.

हा साधा प्रश्न घेऊन मी किती दारं ठोठावली! एका नावाजलेल्या दुकानात विक्रेत्याने धातू गुंडाळलेल्या तारांचा तयार संच पुढे सरकवला आणि म्हणाला, हौशी माणसाला काय फरक पडतो? फरक पडतो. ज्याच्या रचना मला वाजवायच्या होत्या, तो इटालियन ल्यूटवादक फ्रांचेस्को दा मिलानो १५४३ मध्ये वारला. धातू गुंडाळलेल्या तारा आल्या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याने त्या कधी पाहिल्यासुद्धा नाहीत. त्या संचाचा खर्ज इतका चकचकीत आणि लांब घुमायचा, की वरचे दोन स्वर त्याखाली दबून जायचे. नंतर एका उन्हाळी वर्गात शिक्षकांनी सगळ्यांसमोर मला गप्प केलं. म्हणाले, इंग्रज ल्यूटवादक जॉन डाउलंडने १६१० मध्येच सांगून ठेवलंय की जाड आणि बारीक तार एकत्र लावायची चाल जाणत्यांनी सोडली. मग विषय संपला. अहो, पण मला डाउलंड नव्हता वाजवायचा. मला १५०८ मध्ये व्हेनिसला छापलेला ल्यूटवादक दाल्झा वाजवायचा होता, फ्रांचेस्को वाजवायचा होता. मधली शंभर वर्षं कुठे गेली? हे विचारायची संधीच मिळाली नाही.

आणि मग तुम्ही भेटलात. तुम्ही आधी विचारलंत, "काय वाजवता?" त्याआधी हे कोणीच विचारलं नव्हतं.

तात म्हणजे मेंढीच्या आतड्याची तार. ती दीड मिलिमीटरच्या आसपास जाड झाली की ताठ होते, तिच्यातले वरचे उपस्वर विझतात आणि आवाज बोथट होतो. शेजारी निम्म्या जाडीची तार तेवढ्याच ताणावर लावली की ती बरोबर एक सप्तक वर बोलते आणि हरवलेला उजेड परत देते. हे तुम्ही मला दोन वाक्यांत समजावलंत. पण त्यासाठी हे पत्र नाही.

तुम्ही माझ्या ल्यूटवर सहाव्या जोडीची जाड तात एकटी लावलीत, मग तिच्यासारखीच दुसरी, मग ती काढून वरच्या सप्तकाची बारीक. दर वेळी तार स्थिरावेपर्यंत थांबलात. आणि मी वाजवायला घेतलं तेव्हा तुम्ही स्टूल फिरवून खिडकीकडे तोंड केलंत, माझ्याकडे पाठ. म्हणालात, "माझा चेहरा पाहून ठरवू नका."

सर, तुमचा स्वतःचा कल एकाच सुरातल्या जोड्यांकडे आहे, हे मला नंतर कळलं. तुमची बहुतेक वाद्यं तशीच लावलेली असतात. तरी त्या पाठमोऱ्या तासाभरात एक हुंकारसुद्धा तुम्ही दिला नाहीत. फ्रांचेस्कोच्या रिचेरकारमध्ये, म्हणजे एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत फिरवणाऱ्या रचनेत, वरच्या आवाजातली सुरावट खालचा आवाज उचलतो. ती जागा आली आणि बारीक तारेमुळे त्यातला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू आला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तुम्ही पाहिलं नाहीत, बरंच झालं. इतकी वर्षं मी माझ्या कानाबद्दल माफी मागत फिरत होतो. तुम्ही त्याला साक्षीदाराचा मान दिलात.

ज्याला सगळं येतं त्याने समोरच्याला जागा करून द्यावी, हे मी फार कमी पाहिलंय. मिरजेला तंबोरा जुळवणारे एक वयस्क कारागीर होते. तारेखालचा जवारीचा दोरा हलवताना तेही लहान मुलाला विचारायचे, "आता बरं वाटतंय का रे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. तुमची आणि त्यांची भेट व्हायला हवी होती. अशा माणसांमुळे वाद्यं टिकतात, आणि ती वाजवणारे आपल्यासारखेही टिकतात.

तारांच्या किमतीपलीकडे तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत. तो वाद आता नको.

सहावी जोडी छान बसलीय. दमट दिवशी तात सूर सोडते, पण लावून घेतो. चौथ्या जोडीची बारीक तार मात्र मला किंचित पुढे येतेय असं वाटतं. जाडी कमी करू का, हे विचारायला रविवारी फोन करतो. तुम्ही काय उत्तर द्याल ते माहीत आहे, म्हणून आधी दोन्ही लावून ऐकून ठेवतो.

तुमचा ऋणी,
एक ल्यूटवाला