लष्करातील नर्सिंग असिस्टंटच्या प्रशिक्षणाला राज्यात मान्यता द्या : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सन्माननीय महोदय,

देवळाली कॅम्पात तीस वर्षे बारावीला जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो. तोफखान्याच्या या गावातल्या मुलांना फौज म्हणजे जीडीची (जनरल ड्युटी, म्हणजे साध्या सैनिकाची) भरती एवढेच ठाऊक असते. विज्ञान शाखेतून जीवशास्त्र घेऊन पन्नास टक्के मिळवले तर आर्मी मेडिकल कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय दलात, नर्सिंग असिस्टंट होता येते, आणि हा ट्रेड अग्निपथमध्ये नसल्याने ती नोकरी चार वर्षांत संपत नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगत आलो. पण 'सर, परत आल्यावर काय?' या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही.

माझा एक विद्यार्थी याच कोअरच्या लखनौच्या केंद्रात शिकून सतरा वर्षांच्या सेवेनंतर हवालदार म्हणून घरी आला. सध्या तो शहरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या दारावर रात्रपाळीचा पहारा करतो, कारण लष्करातल्या प्रशिक्षणावर राज्यात नोंदणी मिळत नाही आणि नोंदणी क्रमांकाशिवाय त्याला वॉर्डात घेता येत नाही. गेल्या पावसाळ्यात शिंदे टोलनाक्याजवळ दुचाकीस्वाराची मांडी फाटून रक्ताची धार लागली होती, तेव्हा यानेच कमरेचा पट्टा काढून जखमेच्या वर आवळला आणि १०८ ची गाडी आल्यावर डॉक्टरांना वाचता यावी म्हणून पट्टा आवळल्याची वेळ बॉलपेनने जखमीच्या कपाळावर लिहिली. त्या रात्रीही तो दारावर हजर होता.

आपल्या १०८ च्या गाडीत सहसा एक डॉक्टर आणि एक चालक असतो. रुग्ण अत्यवस्थ असला की तिसरा हात कमी पडतो, आणि तो हात सरकारी खर्चाने तयार होऊन गावोगाव रिकामा बसला आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये घाट आणि रस्ते होतील. २००३ ची चेंगराचेंगरी ज्यांनी पाहिली, त्यांना गर्दीत पहिल्या दहा मिनिटांत कोण पोहोचतो याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

रुग्णवाहिकेतला हा तिसरा हात म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ. हा व्यवसाय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत आहे आणि सहयोगी व्यावसायिकाकडून तो कायदा किमान २,००० तासांचे शिक्षण मागतो. माझी विनंती इतकीच, की लष्करात झालेल्या प्रशिक्षणाचे तास मोजून जे कमी पडतील तेवढेच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एका पूरक अभ्यासक्रमातून पूर्ण करून घ्यावेत, परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होणाऱ्याला नोंदणीचा मार्ग मोकळा व्हावा. त्यासाठी नियमांत बदल लागत असेल तर राज्याने तो केंद्राकडे मागावा. परीक्षा कडक असली तरी हरकत नाही. सीमेवरच्या चौकीत बाळंतीण किंवा तान्हे मूल दिसत नाही. तेवढे या मंडळींना नव्याने शिकावेच लागेल.

विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला, म्हणजे आमच्याच नाशिकमध्ये आहे, आपण त्याचे प्र-कुलपती आहात आणि पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयही त्याच्याशीच संलग्न आहे. लष्कराशी बोलणी करायला नवी ओळख काढावी लागणार नाही.

माझा विद्यार्थी आपली सर्व प्रमाणपत्रे घेऊन मुंबईस यायला तयार आहे. त्याची पाळी रात्रीची असल्याने भेटीची वेळ दुपारची मिळावी.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, देवळाली कॅम्प, नाशिक