जास्वंदीच्या जेलीला पेरूचा आधार

संपादक महोदय,

फुलांच्या जेलीच्या ज्या कृती हल्ली सगळीकडे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच कृतींत पाकळ्या, पाणी, साखर आणि लिंबू एवढेच साहित्य असते. त्यातून सरबताचा पाक होतो, जेली नाही. जेली जमायला पेक्टिन (फळांतला घट्टपणा आणणारा घटक), साखर आणि आंबटपणा तिन्ही लागतात, आणि पाकळ्यांत कामापुरते पेक्टिन नसते. मग चायना ग्रास किंवा जिलेटिन सुचवले जाते. तो फ्रिजमधला दोन-चार दिवसांचा पदार्थ. शिवाय जिलेटिन प्राणिजन्य असते, हे शाकाहारी घरांना आधी सांगायला नको का? बाटलीत टिकणारी जेली हवी तर पेक्टिनसाठी पेरू घ्यावा.

अर्धा किलो कडक, नुकतेच पिकू लागलेले पेरू सालीबियांसकट चिरून पाऊण लिटर पाण्यात अर्धा तास मंद शिजवावेत आणि मलमलच्या फडक्यात टांगून ठेवावेत. घाईने पिळले की जेली गढूळ झालीच. खाली गळलेले अर्धा लिटर निवळ पाणी गरम करून आच बंद करावी. त्यात दहा-बारा लाल जास्वंदींच्या पाकळ्या टाकून वीस मिनिटे झाकावे. हिरवा देठ आणि मधला परागदांडा आधीच काढावा. पाकळ्या उकळल्या तर बुळबुळीतपणा उतरतो. रंग मळकट जांभळा दिसला तरी घाबरू नये. लिंबाचा दोन मोठे चमचे रस पडताच तो लाल होतो. देशी गुलाब वापरल्यास पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कापावा, तो कडू असतो.

गाळून, 400 ग्रॅम साखर घालून, पसरट पातेल्यात मोठ्या आचेवर आटवावे. एका वेळी एवढेच करावे. दुप्पट माप आटायला वेळ लागतो, तेवढ्यात पेक्टिन मोडते आणि गुलाब असेल तर वासही उडतो. मुंबईत 104-105 अंशांना जेली तयार होते. महाबळेश्वरला पाणीच 95-96 ला उकळते, तिथे 100 पुरे. थर्मामीटर नसेल तर रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवावे. आतला ऐवज 600 ते 625 ग्रॅमवर आला की झाले, म्हणजे साखर 65 टक्क्यांच्या आसपास. चमच्यावरून थेंब एकमेकांना चिकटून पडद्यासारखे गळतात, तीही खूण.

पातळ राहिली तर बहुधा आटवणे कमी पडले किंवा पेरू फार पिकलेले होते. पाणी सुटले तर लिंबू जास्त झाले. खडे धरले तर साखर जास्त किंवा आंबट कमी.

हारवाल्याकडची फुले नकोत, त्यांवर फवारणी असते. कण्हेर, पिवळी बिट्टी आणि धोत्रा यांची पाकळीही चुकून येता कामा नये, तिन्ही विषारी आहेत.

आपला,
एक वाचक, सातारा