आमची फुटपाथची पट्टी तेवढी सोडा

संपादक साहेब, नमस्कार. रत्नागिरीत आमच्या आळीत फुटपाथ नि गटाराच्या मधली दोन-अडीच फुटांची पट्टी कित्येक वर्षं नुसती पडून होती, गुटख्याच्या पुड्या आणि डेब्रिज. मे महिन्यात चार घरांनी मिळून खणायला घेतली तर वीतभर खाली जांभाच, पहार टणकन उडते, मग आंब्याचा पातेरा नि शेणखत भरून अबोली, तगर, जास्वंद लावली. इथे वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस, तरी रोपं टिकली (जास्वंद बकऱ्यांनी खाल्ली ती सोडा). आता पेव्हर ब्लॉकसाठी कोणीतरी चुन्याच्या खुणा मारून गेलंय, थेट अबोलीवरूनच! दिल्लीत हरित लवादाने 2013 सालीच झाडाभोवती 1 मीटर काँक्रिट नको म्हणून सांगितलंय, मग इथे एवढी घाई कशाला?

– एक रहिवासी, रत्नागिरी